बाळंतपणात गुदद्वारापर्यंत फाटलं, टाके पडले. आता पुढे काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे: पहिलं बाळंतपण, पाच आठवडे झाले. डोकं खाली येऊन अडलं म्हणून शेवटी फोर्सेप्स (बाळाचं डोकं धरून बाहेर ओढायचा चिमटा) लावावा लागला. बाळ ३.८ किलोचं. खाली गुदद्वारापर्यंत फाटलं, ऑपरेशन थिएटरमध्ये नेऊन टाके घातले, डिस्चार्ज कार्डावर '३सी टिअर' असं लिहिलंय. आता गॅस रोखता येत नाही आणि संडासला लागली की धावत सुटावं लागतं. टाके नीट पडले नाहीत का? हे असंच राहणार का? पुढचं मूल सिझेरियननेच होणार का? आणि हे सगळं समोरासमोर विचारायची लाज वाटते.

आधी थेट उत्तर देते. ३सी जखमेनंतर पाचव्या आठवड्यात गॅस निसटणं आणि संडासची घाई होणं ही नेहमी दिसणारी लक्षणं आहेत. तेवढ्यावरून टाके चुकले असं कोणीही ठरवू शकत नाही आणि हे कायमचं आहे असंही नाही. पण ही तक्रार तुम्ही तपासणीच्या वेळी स्वतःहून, आडवळणाने न बोलता सांगायला हवी. बऱ्याच ठिकाणी बाळंतपणानंतरची तपासणी 'टाके सुकले ना, बाळ पितंय ना' एवढ्यावर आटोपते. गॅस सुटतो का, कपड्याला डाग लागतो का, हे विचारणारे डॉक्टर अजूनही कमीच.

एका गोष्टीसाठी मात्र तपासणीच्या तारखेची वाट पाहायची नाही. योनीमार्गातून शी किंवा संडासच्या वासाचा वायू येत असेल तर एक-दोन दिवसांत दाखवा. बाळंतपणानंतर योनीतून कधीकधी नुसती हवा आवाज करत निघते, तिला वास नसतो, तिची काळजी नको. शी येत असेल तर मात्र गुदाशय आणि योनी यांच्यामध्ये छिद्र राहिलंय का, ते पाहावं लागतं. तसंच ताप, पू, दुर्गंधी असलेला स्राव, कमी होत आलेलं दुखणं अचानक वाढणं, किंवा टाके उसवून जखम उघडी दिसणं, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी.

आता '३सी' म्हणजे काय. बाळंतपणातल्या जखमांच्या चार श्रेणी आहेत. पहिलीत फक्त कातडी किंवा योनीचं अस्तर फाटतं. दुसरीत योनी आणि गुदद्वार यांच्यामधले स्नायू फाटतात, पण गुदद्वार बंद ठेवणारा स्नायू, म्हणजे स्फिंक्टर, शाबूत असतो. या स्नायूला इजा झाली की जखम तिसऱ्या श्रेणीत जाते, आणि गुदाशयाचं आतलं अस्तरही फाटलं की चौथ्या. तिसरीचे पुन्हा तीन भाग आहेत. बाहेरच्या स्फिंक्टरची निम्म्याहून कमी जाडी फाटली तर ३ए, निम्म्याहून जास्त फाटली तर ३बी, आणि बाहेरच्याबरोबर आतला स्फिंक्टरही फाटला तर ३सी.

म्हणजे तुमचे दोन्ही स्नायू फाटले होते, आणि या दोघांची कामं वेगळी आहेत. आतला स्फिंक्टर आपल्या इच्छेने चालत नाही. तो झोपेतसुद्धा घट्ट असतो आणि विश्रांतीच्या वेळी गुदद्वार बंद राहतं ते मुख्यतः त्याच्यामुळे. बाहेरचा आपल्या ताब्यात असतो. संडासला लागली पण जागा मिळेपर्यंत थांबायचंय, तेव्हा आपण आवळतो तो हा. म्हणून लक्षणांवरून थोडा अंदाज येतो. लागल्यावर थांबवता येत नसेल तर बाहेरचा स्नायू कमजोर आहे. काही जाणवलंच नाही आणि नंतर कपड्यावर डाग दिसला, असं होत असेल तर आतल्याचा संशय घ्यायचा. तपासणीला जाल तेव्हा हा फरक सांगा, डॉक्टरांचं अर्धं काम तिथेच होतं. गॅस रोखणं या सगळ्यात सर्वांत अवघड असतं, घट्ट शी रोखणं सर्वांत सोपं. सुधारणाही साधारण सोप्याकडून अवघडाकडे होते, त्यामुळे गॅसची तक्रार मागे रेंगाळते.

हे का झालं, याचं उत्तर तुमच्या प्रश्नातच आहे. पहिलं बाळंतपण, जोर लावण्याचा टप्पा लांबणं आणि फोर्सेप्स, ही धोका वाढवणारी ठळक कारणं. चार किलोवरचं बाळ, बाळाचं तोंड आईच्या पोटाच्या दिशेला असणं, खांदा अडकणं हीही त्याच यादीतली. ब्रिटनच्या प्रसूतितज्ज्ञांच्या महाविद्यालयाने २०१५ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत असं प्रमाण नोंदलंय: योनीमार्गे होणाऱ्या बाळंतपणांत तिसऱ्या-चौथ्या श्रेणीची जखम एकूण २.९ टक्क्यांत, पहिलटकरणींत ६.१ टक्के, आधी बाळंतपण झालेल्यांत १.७ टक्के. 'मी चुकीचा जोर लावला' किंवा 'नर्सचं ऐकलं नाही म्हणून फाटलं' ही समजूत मनातून काढून टाका. बाळाची वाट मोठी करायला खाली छेद घेतला होता तरी कसं फाटलं, हेही अनेकजणी विचारतात. छेद म्हणजे हमी नव्हे. डोकं दिसून खालचा भाग ताणलेला असताना छेद मध्यरेषेपासून सुमारे ६० अंशांवर, बाजूला जायला हवा. मध्यरेषेवरचा किंवा तिच्या फार जवळचा छेद उलट स्फिंक्टरकडेच वाट काढून देतो.

विचित्र वाटेल, पण तुमच्या कार्डावर '३सी' लिहिलंय ही मी जमेची बाजू मानते. याचा अर्थ कोणीतरी नीट पाहिलं. ही जखम वरवर बघून कळत नाही. कातडी थोडीशीच फाटलेली असते आणि आत स्नायू तुटलेला असतो. पायजम्याची नाडी तुटली की टोकं नेफ्यात आत सरकतात, तशी तुटलेल्या बाहेरच्या स्फिंक्टरची टोकं दोन्ही बाजूंना आत ओढली जातात, मग समोर फक्त दुसऱ्या श्रेणीची जखम दिसते. एक बोट गुदद्वारात आणि अंगठा योनीत ठेवून मधला भाग चाचपला तरच पोकळी हाताला लागते. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, पहिल्यांदाच योनीमार्गे बाळंत झालेल्यांपैकी ३५ टक्के स्त्रियांच्या स्फिंक्टरमध्ये गुदद्वारातून केलेल्या सोनोग्राफीत दोष दिसला. लक्षणं त्यापैकी बऱ्याच कमीजणींना होती. तेव्हा वाटलं की या जखमा डोळ्यांना न दिसणाऱ्याच असतात. २००६ मध्ये ब्रिटनमध्येच एका गटाने बाळंतपणानंतर लगेच, टाके घालण्याआधी, प्रशिक्षित डॉक्टरकडून पुन्हा तपासणी करून घेतली, तेव्हा सापडलेल्या जखमांचं प्रमाण दुपटीहून जास्त झालं. जखमा लपलेल्या नव्हत्या, बघितल्या गेल्या नव्हत्या. हे वाचणाऱ्या तरुण सहकाऱ्यांना एवढंच सांगते की योनीमार्गे बाळंत झालेल्या प्रत्येकीची, टाके घालण्याआधी, तिला विचारून, गुदद्वारातून तपासणी करा. अर्धा मिनिट लागतो. बाहेरून कातडी शाबूत दिसली तरी करा. स्फिंक्टर धड आणि फक्त गुदाशयाचं अस्तर फाटलेलं, अशी जखमही असते, आणि ती सुटली की पुढे छिद्र राहतं.

थिएटरमध्ये का नेलं आणि इतका वेळ का लागला, हेही समजून घ्या, म्हणजे 'टाके चुकले का' या शंकेचं उत्तर मिळेल. स्फिंक्टरची टोकं बाहेर ओढून जोडायची तर स्नायू पूर्ण सैल पडावा लागतो, आणि त्यासाठी कमरेतून भूल किंवा पूर्ण भूल हवी. उजेड हवा, मदतीला माणूस हवा, रक्तस्राव ताब्यात हवा. प्रसूतिगृहातल्या खाटेवर, जागा बधिर करून हे काम करू नये. अनुभवी हात लगेच उपलब्ध नसेल तर रक्तस्राव थांबवून काही तास थांबणं परवडतं. ८ ते १२ तासांनी टाके घातलेल्या स्त्रियांची वर्षभरानंतरची स्थिती लगेच टाके घातलेल्यांपेक्षा वाईट नव्हती, असं तुलनात्मक अभ्यासात दिसलंय. घाईत, अर्ध्या उजेडात केलेल्या कामापेक्षा ते बरं.

टाक्यांचा क्रम आतून बाहेर असतो. चौथ्या श्रेणीत आधी गुदाशयाचं अस्तर, बारीक विरघळणाऱ्या धाग्याने. मग आतला स्फिंक्टर, स्वतंत्रपणे. तो फिकट आणि पातळ असतो, सहज नजरेतून सुटतो, आणि पुढे त्याची दुरुस्ती करणं फार कठीण असतं, म्हणून पहिल्या वेळेलाच तो शोधून जोडण्याला मी सर्वाधिक महत्त्व देते. त्याची टोकं एकासमोर एक आणून जोडतात. बाहेरचा पूर्ण तुटला असेल तर टोकाला टोक किंवा एकावर एक ठेवून, दोन्ही पद्धती चालतात. दीर्घकाळात त्यांच्यात फरक राहत नाही, यावर वाद घालणारे डॉक्टर भेटले तर दुर्लक्ष करा. अर्धवट तुटला असेल तर टोकाला टोकच. इंग्रजी आठच्या आकड्यासारखे टाके इथे टाळतात, त्याने स्नायूचा रक्तपुरवठा आवळला जातो. शेवटी पुन्हा गुदद्वारातून बोट घालून एकही टाका अस्तरातून आरपार गेला नाही ना ते तपासतात, आणि कापसाचे बोळे, सुया मोजतात. तुमच्या ऑपरेशनच्या नोंदीची प्रत मागून घ्या. त्यात आतला आणि बाहेरचा स्फिंक्टर वेगवेगळा जोडल्याचं, वापरलेल्या धाग्याचं आणि शेवटच्या तपासणीचं लिहिलेलं असेल तर काम पद्धतशीर झालंय असं समजायला हरकत नाही. धागा पीडीएस, म्हणजे हळू विरघळणारा, असेल तर तो पूर्ण विरघळायला सहा महिन्यांच्या आसपास लागतात. मध्येच एखादी गाठ टोचते, कधी बाहेर डोकावते. दाखवा, पण घाबरू नका.

यानंतरच्या आठवड्यांत सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे शी मऊ ठेवणं. अँटिबायोटिक दिलेलं असणारच, त्याने जखम चिघळण्याचं प्रमाण खरोखर कमी होतं. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन चांगली. कोडीनसारख्या औषधांनी बद्धकोष्ठ होतो म्हणून ती शक्यतो नकोत, आणि गुदद्वारातून ठेवायची कुठलीही गोळी अशा जखमेनंतर नको. पण हे सगळं नीट केलं आणि दहाव्या दिवशी कडक शी झाली, जोर लावावा लागला, तर नुकत्याच जोडलेल्या स्नायूवर नको तेवढा ताण येतो. म्हणून पहिल्या दिवसापासून लॅक्टुलोजसारखं शी मऊ करणारं औषध देतात.

इथे तुमच्यासाठी एक महत्त्वाची गोष्ट आहे. तुम्ही ते औषध अजून पूर्ण मात्रेत घेताय का? लॅक्टुलोज मोठ्या आतड्यात आंबतं आणि त्यातून गॅस होतो. शिवाय कमजोर स्फिंक्टरला पातळ शी रोखता येत नाही. पहिले दोन-तीन आठवडे पातळाकडे झुकलेलं चालतं, पण पाचव्या आठवड्यात रोज दोन-तीनदा सैल होत असेल तर तुमच्या निम्म्या तक्रारी औषधाच्या असू शकतात. डॉक्टरांना विचारून मात्रा उतरवत आणा, किंवा पॉलिइथिलीन ग्लायकॉल या शी मऊ करणाऱ्या दुसऱ्या औषधाकडे वळता येईल का विचारा, त्याने गॅस कमी होतो. मऊ पण आकार असलेली शी, दिवसातून एकदा किंवा दिवसाआड, हे ध्येय. इसबगोल आता, जखम भरत आल्यावर, शीला आकार द्यायला उपयोगी पडतं. पहिल्या दिवसांत ते लॅक्टुलोजच्या जोडीला नेहमी देत नाहीत.

संडासला बसताना पायांखाली छोटा पाट किंवा स्टूल घ्या, गुडघे कमरेपेक्षा वर येऊ द्या, थोडं पुढे झुका. श्वास कोंडून जोर लावू नका, श्वास हळू सोडत बसा. टाके उसवतील अशी भीती वाटत असेल तर स्वच्छ पॅड पुढच्या बाजूने जखमेवर हलकं दाबून धरा. भीतीपोटी दोन-दोन दिवस संडास टाळणाऱ्या बायका मी पाहते. त्याने शी आणखी सुकते आणि भीती खरी ठरते. नंतर पुढून मागे पाण्याने धुवा, पुसताना घासू नका, टिपून घ्या.

व्यायाम. गॅस अडवताना गुदद्वार जसं आत-वर ओढतो तसं ओढायचं, मग योनीभोवतालचा भागही वर घ्यायचा. सुरुवातीला दोन-तीन सेकंद जमतील, हळूहळू दहापर्यंत न्यायचे, आणि तितकाच वेळ पूर्ण सैल सोडायचं. एका वेळी निदान ८ वेळा, दिवसातून ३ वेळा, सलग किमान तीन महिने. त्याच्या जोडीला पटकन आवळून पटकन सोडण्याचे काही. नितंब, मांड्या आवळल्या जात असतील किंवा श्वास धरला जात असेल तर चुकतंय. लघवी मध्येच थांबवून सराव करू नका. पेल्विक फ्लोअरचं, म्हणजे ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचं, काम जाणणारी फिजिओथेरपिस्ट मिळाली तर कागदावरच्या सूचनांपेक्षा तिची एक भेट जास्त देऊन जाईल, कारण बऱ्याच जणी मनापासून व्यायाम करतात, पण उलटं, खाली ढकलण्याचा. घाई लागली की तिथल्या तिथे थांबून, आवळून, लाट ओसरू द्यायची आणि मग शांतपणे चालत जायचं. धावत सुटलं की पोटाचा दाब वाढतो आणि निसटण्याची शक्यताही.

बरं होण्याचं गणित आशादायक आहे. बाहेरच्या स्फिंक्टरची दुरुस्ती झालेल्या १०० पैकी ६० ते ८० स्त्रियांना वर्षभराने काही तक्रार उरत नाही. आतलाही फाटला असेल तर आकडा थोडा कमी धरायचा. उरलेल्यांतल्या बऱ्याच जणींची तक्रार गॅस किंवा घाई एवढीच असते. तीन-चार महिने नीट व्यायाम करून, शी आटोक्यात आणूनही त्रास राहिला, तर गुदद्वारातून सोनोग्राफी आणि स्नायूचा दाब मोजणारी मॅनोमेट्री करतात. पुढे बायोफीडबॅक (स्नायू किती आवळला जातोय ते यंत्रावर पाहत करायचा सराव), शी घट्ट करणारं लोपेरामाइड, त्रिकास्थीजवळच्या (माकडहाडाच्या वरच्या हाडाजवळच्या) मज्जातंतूंना सूक्ष्म विद्युत उत्तेजन देणारं यंत्र, किंवा स्नायूची पुन्हा दुरुस्ती, असे मार्ग आहेत. बाळ अंगावर पीत असेल तर कुठलंही औषध सुरू करण्याआधी ते डॉक्टरांना सांगा. यातल्या बऱ्याच गोष्टी मोठ्या आतड्याच्या शल्यविशारदाकडे होतात. तिकडे पाठवलं म्हणजे प्रकरण हाताबाहेर गेलं असं नव्हे.

तुम्ही विचारलं नाहीत तरी संबंधांबद्दल सांगते. ठरावीक तारीख नसते. जखम भरलेली असावी, स्राव थांबलेला असावा आणि तुमची इच्छा असावी. सहा आठवडे झाले म्हणून 'आता चालेल' हे कोणी दुसऱ्याने ठरवायचं नाही. अंगावर पाजत असताना इस्ट्रोजेन कमी असल्याने योनी कोरडी असते, दुखण्याचं कारण बऱ्याचदा टाके नसून ते असतं. वंगण वापरा. तरी दुखत असेल तर लावायचं इस्ट्रोजेन देता येतं. पाळी सुरू होण्याआधीही दिवस राहू शकतात, हे लक्षात असू द्या. आणि त्या बाळंतपणाची रात्र डोळ्यांसमोर येत राहत असेल, झोप मोडत असेल, त्या खोलीजवळही जावंसं वाटत नसेल, तर तेही तपासणीतच सांगा. अवघड बाळंतपणानंतरचा मानसिक आघात हा खरा आजार आहे, त्यावर उपचार आहेत.

राहिला पुढच्या बाळाचा प्रश्न. एकदा अशी जखम झालेल्या स्त्रीला पुढच्या योनीमार्गे बाळंतपणात ती पुन्हा होण्याची शक्यता ५ ते ७ टक्के असते, म्हणजे बहुतेकींना होत नाही. म्हणून सरसकट सिझेरियन सांगणारा सल्ला मला पटत नाही. सिझेरियनचे स्वतःचे धोके आहेत आणि पुढच्या प्रत्येक गरोदरपणात ते वाढत जातात. माझा निकष असा: तोपर्यंत लक्षणं पूर्ण गेली असतील आणि सोनोग्राफी-मॅनोमेट्री समाधानकारक असेल, तर योनीमार्गे बाळंतपण करायला हरकत नाही. गॅस किंवा शी रोखण्याचा त्रास तेव्हाही असेल, किंवा तपासणीत स्नायूत मोठा दोष दिसला, तर मी सिझेरियनकडे झुकते, कारण दुसऱ्या बाळंतपणानंतर काहीजणींची तक्रार वाढते आणि राखीव ताकद कमी असलेल्या स्नायूला ते झेपत नाही. मधल्या स्थितीत दोन्ही पर्याय समोर ठेवून तुम्हीच ठरवायचं.

योनीमार्गे ठरलं तर पुढच्या वेळी साधारण ३५व्या आठवड्यापासून खालच्या भागाचा मसाज करता येतो, त्याचा फायदा मुख्यतः पहिल्या योनीमार्गे बाळंतपणात दिसतो, पण करण्यात तोटा नाही. जोर लावण्याच्या टप्प्यात खालच्या भागावर कोमट ओला कपडा धरणं, डोकं बाहेर येताना हाताने आधार देणं, आणि त्या क्षणी जोर थांबवून फुंकर घातल्यासारखा श्वास घेत डोकं हळू येऊ देणं, यांनी मोठी जखम टळायला मदत होते. मागच्या वेळी फाटलं होतं म्हणून या वेळी आधीच छेद घ्यावा, याला पुरेसा आधार नाही, गरज असेल तरच घ्यावा. नाव नोंदवायला जाल त्याच दिवशी मागच्या ऑपरेशनच्या नोंदीची प्रत आणि तपासण्यांचे कागद फाइलमध्ये लावून घ्या. सोनोग्राफी-मॅनोमेट्री गरोदरपणाआधी किंवा सुरुवातीच्या महिन्यांत झाली, तर निर्णय शेवटच्या आठवड्यावर ढकलावा लागत नाही.